दहा बाय अकरात कपाट मावतं का?

माणूस फ्लॅटचा नकाशा बोटांनी मोठा करतो, स्वयंपाकघरापाशी नेतो, थांबतो, तिथून हॉलकडे येतो, परत स्वयंपाकघर, मग बाथरूमचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघतो, आणि हे सगळं मी बघत असते! म्हणजे त्याला नाही बघत. तो कोण, कुठला, मला काही कळत नाही. फक्त त्याच्या बोटाचा ठिपका पडद्यावर फिरताना दिसतो. घर शोधणारा माणूस वेबसाइटवर आला की नेमकं काय करतो, कुठं थबकतो, कशाला वैतागतो, कुठून पळ काढतो, याचं अख्खं चित्रीकरण! असं काही बघता येतं हे कळल्यापासून मी मैत्रिणींना, सासूबाईंना, एकदा तर सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्यालासुद्धा हेच सांगत सुटलेय. आता तुमची पाळी.

आमच्या मामांचं चिंचवडला इस्टेट एजन्सीचं ऑफिस आहे. रिसेलचे फ्लॅट, भाड्याची घरं, आणि रावेत, वाकड, मोशीकडच्या नव्या स्कीम. मी जाहिरातींचा मजकूर लिहिते, म्हणून ऑफिसची वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. मामांची ऑर्डर एका दमात संपली : “अगं, लोक येतात आणि लगेच जातात. त्यांना जरा बसव.”

बसवायचं कसं, हे शोधता शोधता मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी नावाचं साधन हाती लागलं. फुकट आहे, आणि त्याला मी अजून नावाजतेच आहे. वेबसाइटला छोटासा कोड जोडला की प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग तयार होतं. (फॉर्ममध्ये माणसानं काय टाइप केलं ते झाकलेलं असतं, ते मी सगळ्यात आधी तपासलं, आणि अशी नोंद होते, हे साइटवर स्पष्ट लिहूनही टाकलं. दुकानात कॅमेरा लावला तर पाटी लावायलाच हवी.) कुठल्या पानावर कुठं जास्त बोटं पडली त्याचा रंगीत नकाशा मिळतो. आणि दोन याद्या मिळतात, त्यांच्यावर तर माझा जीवच जडला. एक, जिथं माणूस दाबतो पण काहीच होत नाही ती ठिकाणं. दुसरी, जिथं तो चिडून पटापट, पुन्हा पुन्हा दाबतो ती ठिकाणं. संताप मोजणारं यंत्र! लोक कुठं चिडतात याची तयार यादी आपल्याला जाहिरातीच्या धंद्यात कधी कुणी दिली होती?

त्या यादीत पहिलं नाव कशाचं होतं, सांगा बघू. ड्रोननं टिपलेल्या इमारतीचं? तरण तलावाचं? छे. फ्लोअर प्लॅनचं! नकाशाचं चित्र पानाच्या तळाशी होतं, लहान, दाबलं तरी मोठं न होणारं. माणसं वरचं सगळं सर्रकन ओलांडून तिथं पोचत होती आणि त्या चित्रावर दाबत होती. दाब, दाब, दाब. मग दोन बोटांनी अख्खं पानच ताणायची, अक्षरं फुटेपर्यंत. आणि मग जायची.

मी नकाशा वर आणला, दाबला की पडदाभर मोठा होईल असा केला. आणि दुसऱ्या दिवसापासून जे दिसायला लागलं ते बघताना मी चहा गार केला. लोक त्या नकाशात राहायला यायला लागले हो! दारातून आत, डावीकडे हॉल, ड्राय बाल्कनीत मशीन बसेल का ते बघ, बेडरूममध्ये थांब, मागे जा, दुसऱ्या बेडरूमशी तुलना कर. एक ठिपका तर बेडरूमच्या एकाच भिंतीवर इतका वेळ फिरत होता की मला त्या भिंतीत काय आहे ते कळेना. मामांना बोलावलं. मामांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, “कपाट. कपाट लावतोय तो.”

आणि खरंच की! दहा बाय अकराची बेडरूम. मोठा डबल बेड सहा बाय साडेसहा फुटांचा. कपाटाची खोली दोन फूट. बेडचं डोकं दहा फुटी भिंतीला लावलं तर दोन्ही बाजूंना मिळून चारच फूट उरतात. त्यातले दोन कपाटाला दिले तर उरलेल्या दोन फुटांत एका कुशीवरून उतरायचं, आणि कपाटाचं दार उघडायला तिथंच उभं राहायचं. हे गणित माणूस मनात करत होता, आमच्या वेबसाइटवर, रात्री उशिरा, आणि आम्ही त्याला मापंच दिली नव्हती, नुसतं ‘प्रशस्त मास्टर बेडरूम’! आता प्रत्येक खोलीत माप आहे, फुटांत. रेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीच्या, कागदावर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, आणि एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, हे गुणाकार माणसानं का करावेत? पलंग, सोफा, फ्रिज आपण फुटांत आणि इंचांत विकत घेतो.

हे सगळं चालू असताना मला एक संशोधन सापडलं, आणि तिथून पुढं झोप उडाली ती उडालीच. 2010 साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या चाओ लिऊ, रायन व्हाइट आणि सुझन ड्युमे यांनी दोन लाखांहून अधिक वेबपेजांवर माणसं किती वेळ थांबतात ते तपासलं. त्यासाठी गणित कुठलं घेतलं, तर वायबुलचं! वालोडी वायबुल हा स्वीडिश अभियंता, आणि त्याचं सूत्र कारखान्यांत वापरतात ते यंत्राचा भाग किती काळानं मोडेल याचा अंदाज बांधायला. बेअरिंग, दिवे, स्प्रिंगा. या लोकांनी ‘भाग मोडला’च्या जागी ‘माणूस पान सोडून गेला’ असं धरलं आणि सूत्र लावून टाकलं. काय डोकं म्हणायचं!

निघालं काय? जवळजवळ 99 टक्के पानांवर तऱ्हा एकच. निघून जाण्याचा धोका सुरुवातीला सगळ्यात जास्त, आणि माणूस जितका टिकतो तितका पुढच्या क्षणी उठून जाण्याचा धोका कमी कमी होत जातो. यंत्राचे भाग वापरून झिजतात. वेबसाइटवरचा माणूस थांबून थांबून पक्का होतो. वेब वापरण्याच्या सोयी-गैरसोयींवर आयुष्यभर लिहिणाऱ्या जेकब निल्सन यांनी 2011 मध्ये या अभ्यासाचा अर्थ साध्या भाषेत मांडला : पहिली दहा सेकंदं सगळ्यात जोखमीची, त्यानंतरची वीसही बेभरवशाची, आणि अर्ध्या मिनिटाच्या पुढं गेलेला माणूस बऱ्यापैकी बसतो. गुगल ॲनालिटिक्सच्या आजच्या मोजणीतही दहा सेकंदांच्या वर थांबलेली भेट ‘गुंतलेली’ धरतात. (दोन पानं बघितली किंवा फॉर्म भरण्याइतकं काही ठरवलेलं काम केलं, तरीही धरतात.)

म्हणजे पहिल्या दहा सेकंदांत आलेला माणूस हा चपला न काढता उंबऱ्यात उभा राहिलेला पाहुणा! त्याला तिथं अडवून आपण काय करतो? पडदाभर एक चौकट उघडतो : ‘नाव, मोबाइल नंबर टाका आणि ब्रोशर मिळवा.’ ती चौकट आली की ठिपका कोपऱ्यातली फुली शोधत पळतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता ती फुली माझ्या स्वप्नात येते. चौकट काढली. मामा हळहळले, कारण लीड, म्हणजे होऊ घातलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर, हा त्यांचा श्वास. पण नंबर मागणारं बटण नकाशाच्या आणि किमतीच्या हिशोबाच्या (त्याबद्दल पुढं सांगते) खाली सरकवलं, त्यावर ‘साइट व्हिजिट ठरवा’ असं लिहिलं, आणि आता जे फोन येतात ते “अमुक फ्लॅटच्या दुसऱ्या बेडरूमची खिडकी कुठल्या दिशेला?” असं विचारत येतात. मामांचा चेहरा बघण्याजोगा असतो.

वजन हा आणखी एक राक्षस. गुगलनं 2016 मध्ये सांगितलेला आकडा कुणालाही गदागदा हलवील : पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागली तर मोबाइलवरच्या 53 टक्के भेटी तिथंच संपतात. आमच्या पहिल्या पडद्यावरचा ड्रोनचा व्हिडिओ उघडेपर्यंत रावेतच्या पुलावरून जाणारा माणूस दुसऱ्या साइटवर पोचलेला असे. व्हिडिओ खाली गेला. वर आता पाच गोष्टी : ठिकाण, कार्पेट, एकूण किंमत, ताबा कधी, रेरा नंबर. साध्या अक्षरांत, क्षणात उघडणाऱ्या.

किंमत! किमतीबद्दल मला ओरडून सांगायचंय. ‘किंमत विचारल्यावर सांगू’ हे वाक्य या धंद्यात इतकं मुरलंय, की ते काढायचं म्हटल्यावर मामा खुर्चीत सरळ बसले. त्यांचं म्हणणं, किंमत छापली तर फोन कशाला करतील? मी म्हटलं, मामा, नुसती किंमत नाही, अख्खा हिशोबच देऊ. करारातली किंमत धरा 65 लाख, बांधकाम चालू असलेला फ्लॅट, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत. मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 4 लाख 55 हजार. नोंदणी फी एक टक्का, पण तिला 30 हजारांची मर्यादा, म्हणून 30 हजार. जीएसटी 5 टक्के, 3 लाख 25 हजार. बेरीज 73 लाख 10 हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही, तो रकाना आपोआप शून्य होतो. आणि घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, ही महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासूनची सोय; या हिशोबात सरळ 65 हजार वाचतात.

मग मी तिथं एक बटण ठेवलं : घर कुणाच्या नावावर? पती, पत्नी, दोघं. सवलत फक्त ‘पत्नी’वर लागते, ‘दोघं’ला नाही.

आणि मंडळी, त्या बटणावर जे चालतं ते! दोघं. पत्नी. दोघं. पती. पत्नी. थांबला. बराच वेळ काहीच नाही, ठिपका जागच्या जागी. मग परत दोघं. त्या शांततेत एखाद्या घरात पलंगावर बसून काय बोलणं झालं असेल, मी कल्पना करकरून दमते. कुणी ‘पत्नी’वर ठेवून झटकन खाली नकाशाकडे जातो, तेव्हा मला टाळी वाजवावीशी वाटते. आमच्या अख्ख्या वेबसाइटवर लोक सगळ्यात जास्त रेंगाळतात ती जागा म्हणजे ही तीन शब्दांची पट्टी. जाहिरातीच्या मजकुरात मी लिहिलेलं कुठलंच वाक्य तिच्या पासंगाला पुरत नाही.

हप्त्याचं यंत्र सगळ्यांकडे असतं, आम्हीही ठेवलं, पण त्यात एक सरकपट्टी घातली, वर्षांची. 50 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं : हप्ता साधारण 43,391. पट्टी पंधरा वर्षांवर आणा : 49,237. हप्त्यात पावणेसहा-सहा हजारांची वाढ, आणि एकूण व्याजात साडेपंधरा लाखांच्या आसपास घट! हे मला स्वतःला माहीत नव्हतं, मी माझंच कर्ज घालून बघत बसले आणि मामांची तीन वाजताची मीटिंग राहून गेली.

रेरा नंबराबद्दल मामांना धाकधूक होती, आणि ती मला समजते. कायद्यानं जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता द्यावाच लागतो. ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही आला. पण नोंदणी क्रमांक अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात द्यायची रीत पडली आहे. मी तो वर आणून थेट महारेराच्या त्या प्रकल्पाच्या पानाला जोडायचं म्हटलं. मामा म्हणाले, “म्हणजे आलेलं गिऱ्हाईक आपणच बाहेर घालवायचं?” प्रश्न रास्तच आहे. पण रेकॉर्डिंग बघा ना! माणूस त्या जोडणीवर दाबतो, आमचं पान काही वेळ निश्चल पडतं, आणि मग तो परत येतो. मंजूर नकाशे बघून, बिल्डरनं ताब्याची कुठली तारीख लिहून दिलीय ते बघून, आणि परत आल्यावर पहिल्यापेक्षा सावकाश, खोलखोल बघायला लागतो. खात्री करून आलेला माणूस घाईत नसतो. सगळे परत येत नाहीत, हेही खरंय. एका प्रकल्पाच्या पानावरून गेलेले फारसे परतेनात, तेव्हा मामांनी स्वतः महारेराची नोंद उघडली, ताब्याची तारीख दोनदा पुढं गेलेली बघितली, आणि तो प्रकल्प आमच्या यादीतून उतरवला. बघितलंत? वेबसाइट बघणाऱ्यांनी एजंटाला शहाणं केलं!

कार्पेटचंही तसंच. 2016 च्या रेरा कायद्यानं कार्पेटची व्याख्या बांधून दिली : आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरून वापराची जागा, पण बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून. तरी लोक अजून ‘सुपर बिल्ट-अप किती?’ विचारतात, कारण वडिलांच्या वेळची घरं त्याच भाषेत घेतलेली. आम्ही नकाशावर बाल्कनी वेगळ्या रंगात दाखवतो आणि तिचं माप वेगळं लिहितो. यात मजा काही नाही, पण लोक थांबतात.

फोटोंवर मात्र माझं मामांशी जोरदार भांडण झालं आणि मी जिंकले. विकत आणलेले फोटो, हसरं गोरं कुटुंब, सोफ्यावर लॅपटॉप! निल्सनच्या मंडळींनी वाचणाऱ्यांचे डोळे कुठं फिरतात ते टिपून 2010 मध्ये दाखवून दिलंय की असे शोभेचे फोटो माणूस बघतसुद्धा नाही, आणि खरी माहिती देणारे फोटो मात्र निरखतो. आमचे फोटो आता मामांचा मुलगा मोबाइलवर काढतो. नियम एकच : मुख्य दारातून सुरू करायचं आणि न थांबता आत चालत जायचं. खिडकीतून समोर काय दिसतं ते दाखवायचंच, मग तो शेजारच्या इमारतीचा ड्रेनेजचा पाइप का असेना. मामांना वाटलं, पाइप बघून लोक पळतील. काही पळाले असतील. पण जे साइट व्हिजिटला येतात ते आता दारातूनच परत फिरत नाहीत, आणि मामांचं पेट्रोल वाचतं.

आणि अहो, विकत घ्यायचं नसलेली माणसं! त्यांच्यावर तर स्वतंत्र लेख व्हावा. अमेरिकेत झिलो नावाची साइट फेब्रुवारी 2006 मध्ये सुरू झाली, तीत कुठल्याही घराची अंदाजे किंमत बघता येत होती, विकायला नसलेल्या घराचीसुद्धा. पहिल्याच दिवशी इतकी झुंबड उडाली की साइट कोसळली. लोकांना शेजाऱ्याच्या घराची किंमत बघायची होती! करोनाच्या काळात तिथं झिलोवर नुसती घरं बघत बसणं हा इतका सार्वत्रिक नाद झाला, की 2021 मध्ये सॅटर्डे नाइट लाइव्ह या विनोदी कार्यक्रमानं त्यावर प्रहसन केलं. आपल्याकडे 2012 मध्ये आयआयटी मुंबईच्या पोरांनी हाउसिंग डॉट कॉम काढली, तिचीही ओढ तीच होती : यादीऐवजी नकाशा, त्यावर घरं, आणि हिंड हवं तसं. आमच्या साइटवरही असे हिंडणारे आहेत. रोज रात्री येतात, मोशीपासून बाणेरपर्यंत फिरतात, चार बीएचकेच्या गच्चीवर रेंगाळतात. मामा म्हणाले, “टाइमपास.” मी म्हटलं, मामा, यांनाच तर घराची आवड आहे! आणि त्यांतल्याच एका बाईंनी फोन करून त्यांच्या नणंदेला घर मिळवून दिलं, तेव्हापासून मामा त्यांना ‘आपली रात्रपाळी’ म्हणतात.

तुम्हाला वाटेल हे सगळं संगणकातून आलं. नाही हो. मामांकडे एक लांबडी वही आहे, फोनवर लोक काय विचारतात ते लिहायची. पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं? दिवसाआड येतं का? मेंटेनन्स किती? सकाळी नऊला हिंजवडी फेज तीनला पोचायला किती वेळ? लिफ्टला बॅकअप आहे का? देवघर कुठं करता येईल? गेली कित्येक वर्षं हेच प्रश्न, जवळजवळ ह्याच क्रमानं. मी ती वही वेबसाइटवर उतरवली, एकेका प्रश्नाला एकेक ओळ उत्तर, आणि ठिपके त्या ओळींवरून इतके निवांत चालायला लागले की बस्स! टँकर लागतो तिथं ‘उन्हाळ्यात टँकर, खर्च मेंटेनन्समध्ये’ असं सरळ लिहिलंय. मामांनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि ‘असू दे’ म्हणाले.

आता माझ्या डोक्यात ऊन शिरलंय. कुठल्या खिडकीत मे महिन्यात दुपारी ऊन येतं आणि डिसेंबरात सकाळी येतं का, हे प्रत्येक फ्लॅटच्या नकाशावर दाखवायचं; दिशा आणि तारीख असली की ते गणितानं काढता येतं. बाल्कनीत रात्री दहाला हायवेचा आवाज किती येतो, तो अर्ध्या मिनिटाचा आवाजच ऐकवायचा. आणि मोबाइलची रेंज, खोलीगणिक!

मामा म्हणतात, “ते ऊनबिन मग. आधी पार्किंग टाक. स्टॅक पार्किंगच्या वरच्या पाळण्यात उंच गाडी मावत नाही, आणि माणसाला हे चावी मिळाल्यावर कळतं.” बरोबर आहे त्यांचं. उंची, रुंदी, पाळणा की जमीन, वळायला जागा किती, सगळं हवं. मामांच्या मुलाला मोजपट्टी घेऊन उद्या सकाळी आठला वाकडच्या बेसमेंटमध्ये बोलावलंय, आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवलंय.